नोकरी आयटीची, हात खिळ्यांवर: वेळ कसा बसवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगावात घरी बसून पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीचं काम, सकाळी अकरा ते रात्री आठ, दर चार आठवड्यांतून एक आठवडा ऑन-कॉल (बिघाड झाला की कधीही हजर). खिळ्यांची छपाई (लेटरप्रेस), म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांची, खिळ्यांची, हाताने जुळणी करून ट्रेडलवर, पायाने चालणाऱ्या छोट्या छपाईयंत्रावर छापणं, नीट शिकायचं आहे. त्यासाठी नोकरी सोडावी, अर्धवेळ करावी, की शनिवार-रविवारात भागेल?

नोकरी सोडू नका. या कामावर आज खानदेशात एका माणसाचंही घर चालणं कठीण आहे, आणि शिकवणाऱ्याला द्यायचे पैसे, कागद, शाई हे सगळं पगारातूनच यायचं आहे. अर्धवेळ करायचीही गरज नाही. वेळेचा हिशोब मात्र बहुतेक जण चुकीच्या टोकाने मांडतात. आठवड्याला किती तास मिळतील हे मोजण्यापेक्षा, कोणतं काम मध्येच सोडून उठता येतं आणि कोणतं येत नाही, हे आधी वेगळं करा.

खिळे परत केसच्या (खिळ्यांच्या पेटीच्या) खणांत भरणं, जुळणी, प्रूफ वाचणं, कागद कापणं, ही सोडून उठता येणारी कामं. स्टिकमध्ये (जुळणी करताना हातात धरायच्या पट्टीत) अर्धी ओळ असताना फोन आला तरी ती ओळ उद्या तिथेच असते. शाई ट्रेडलच्या तबकडीवर गेली की मात्र रोलर धुऊन पुसेपर्यंत सुटका नाही. नवशिक्याला फर्मा, म्हणजे जुळलेला मजकूर, चौकटीत आवळायला पाऊण तास, दाब सारखा करायला तास-दीड तास, शंभर कार्डं काढायला अर्धा-पाऊण तास आणि धुवायला तेवढाच वेळ लागतो. म्हणजे सलग चार तास धरा. रविवारी सकाळी ते सहज निघतात. मंगळवारी रात्री साडेआठला 'थोडं छापून बघू' म्हटलं, तर साडेबाराला तुम्ही रॉकेलच्या वासात उभे असाल आणि बुधवारची मीटिंग वाया जाईल.

म्हणून आठवड्यातले तीन दिवस ऑफिस सुरू व्हायच्या आधी पाऊण-एक तास जुळणी किंवा खिळे भरणं, आणि एक आड एक रविवारी छपाई, एवढं पुरे. रात्रीपेक्षा सकाळ बरी. दिवसभर स्क्रीन बघून थकलेल्या डोळ्यांना १२ पॉइंटचा उलटा खिळा वाचवत नाही, आणि चुकीच्या खणात टाकलेला खिळा पुढच्या जुळणीत नेमका आडवा येतो. सुरुवात १८ किंवा २४ पॉइंटने करा. ऑन-कॉलच्या आणि रिलीजच्या (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर पडायच्या) आठवड्यात छपाई ठेवूच नका. लक्ष अलर्टकडे आणि हात ट्रेडलच्या जबड्यात, असं काम करू नये.

आता यंत्र आणि माणूस कुठे शोधायचा. तालुक्याच्या गावी पूर्वी लग्नपत्रिका, हँडबिलं, पावती पुस्तकं छापणारे छोटे छापखाने होते. संगणकावरची जुळणी आणि ऑफसेट आल्यावर त्यांचे खिळे किलोच्या भावाने भंगारात गेले. ट्रेडल मात्र सगळे गेले नाहीत. बिलबुकांवर नंबर मारणं, परफोरेशन (फाडायची छिद्रं), क्रीझिंग (घडीची रेघ), पंचिंग यांसाठी ते अजून चालतात. त्यामुळे जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, चोपडा, शहादा इथे 'लेटरप्रेस आहे का' असं विचारत फिरू नका, नाही म्हणतील. ऑफसेटवाल्याला विचारा, 'तुमचं नंबरिंग, पंचिंग कोण करून देतं?' त्याने सांगितलेल्या पत्त्यावर ट्रेडल असतो, आणि बऱ्याचदा जुना जुळारी कोण, कुठे राहतो, हेही तिथेच कळतं.

त्या माणसाकडे जाताना कॅमेरा घेऊन जाऊ नका. तो नाना असेल, आबा असेल, त्याला सरळ सांगा की काम शिकायचंय, सकाळचा एक तास द्या, तासाचे एवढे पैसे देतो. आकडा तुम्हीच आधी बोला. संकोचाने तो मागणार नाही, आणि फुकट शिकवणं तीन आठवड्यांत आटतं. लगीनसराईत, विशेषतः आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीच्या पंधरवड्यात, छापखान्यात पाय ठेवायला जागा नसते. आषाढापासून पितृपक्षापर्यंत मोकळीक असते, सुरुवात तेव्हा करा.

पहिलं काम जुळणीचं नाही, खिळे भरण्याचं मागा. छापून झालेल्या फर्म्यातले खिळे एकेक करून आपापल्या खणात परत टाकणं म्हणजेच केसचा नकाशा हातात बसणं. देवनागरीच्या पूर्ण संचात काना-मात्रा, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं धरून खणांची संख्या काही शेकड्यांत जाते, आणि मांडणी प्रत्येक छापखान्यात थोडी वेगळी असते. एखाद्या जुन्या जुळाऱ्याकडे आज केस उरलेली नसली तरी त्याला मोठ्या कागदावर चौकोन आखून द्या आणि हात फिरवून दाखवायला सांगा. तोंडी विचारलं तर आठवत नाही, हात मात्र बरोबर खणावर जातो. भरताना रफार, वेलांटी, अनुस्वार असलेले खिळे आधी उचला. त्यांचा काही भाग खिळ्याच्या अंगाबाहेर शेजारच्या अक्षरावर लोंबतो, खाली आधार नसतो. ढिगात पडले की तोच तुकडा मोडतो. वेलांटी मोडलेला 'की' दुरुस्त होत नाही.

खिळे विकत घ्यायचे असतील तर इथे एक गोष्ट सांभाळा. रावेरच्या पलीकडे बऱ्हाणपूर आणि पुढे इंदूर, तिकडचा माल आपल्याकडे सहज येतो. पण तो हिंदीसाठी भरलेला संच असतो. त्यात 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे, 'ऱ्य' जवळपास नाही आणि 'ळ' मूठभर. जळगाव, धुळे, चाळीसगाव, अमळनेर, पिंपळनेर असे पत्ते छापायचे म्हटल्यावर पहिल्या पत्रिकेतच 'ळ' संपतो. मराठी पानाला जे वळण डोळ्यांना सवयीचं आहे, ते १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढणाऱ्या जावजी दादाजींच्या परंपरेतलं. दोन वळणं एका ओळीत मिसळली की वाचणाऱ्याला कारण कळत नाही, पण ओळ खटकते. तेव्हा वजन करण्याआधी 'ळ', 'ऱ्य', 'ल', 'श' हे चार खण उघडून बघा.

जुळणी करताना स्टिक डाव्या हातात, खिळ्याच्या अंगावरची खाच वर, अक्षरं उलटी, आणि ओळ डावीकडून उजवीकडे. ओळ पुरी झाली की स्पेस घालून ती इतकी घट्ट करायची, की स्टिक किंचित पुढे कलती केली तरी ओळ स्वतःच्या बळावर उभी राहील, आणि तरी अंगठ्याने दाबून बाहेर काढता येईल. नवशिक्याची ओळ जवळजवळ नेहमी ढिली असते. शेवटची पातळ स्पेस बसत नाही म्हणून तो ती सोडून देतो. त्याचा दंड पुढे फर्म्यात भरावा लागतो. एक ओळ सैल असली की आवळताना दाब शेजारच्या ओळींवर जातो, मधल्या स्पेस वर सरकतात आणि शब्दांच्या मध्ये काळे चौकोन छापले जातात.

सॉफ्टवेअरवाल्याचा खरा उपयोग इथे आहे. जुळाऱ्याची जुनी डोकेदुखी म्हणजे निम्मा मजकूर लागल्यावर एखादं अक्षर संपणं. मजकूर देऊन कोणता खिळा किती लागेल हे मोजणारी छोटी स्क्रिप्ट तुम्ही एका संध्याकाळी लिहाल. पण युनिकोडचे वर्ण सरळ मोजले तर उत्तर चुकतं. 'क्षि' हा युनिकोडमध्ये क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी असा चार वर्णांचा आहे. स्टिकमध्ये तो वेलांटी आणि क्ष असा दोन खिळ्यांचा, शिवाय वेलांटी आधी. 'धर्म' मध्ये र आणि हलन्त 'म'च्या आधी साठवलेले असतात, खिळ्यात रफार 'म'च्या डोक्यावर जातो. 'दुसऱ्या' मधला ऱ्य आणखी निराळा, तो रफार धरला तर हिशोब बिघडतो. म्हणून आधी मजकुराची अक्षरं पाडा, प्रत्येक अक्षरात ऱ्हस्व वेलांटी पुढे आणा, रफार शेवटी न्या, मग तुमच्या केसमध्ये खरोखर असलेल्या खिळ्यांच्या यादीशी सर्वांत लांब तुकड्यापासून जुळवत या: आधी क्ष, ज्ञ, त्र, श्र, द्य, द्ध, ह्म, नंतर अर्धी अक्षरं, शेवटी सुटी. काही संचांत मात्रा अक्षराला जोडून ओतलेली असते, काहींत सुटी, म्हणून यादी दुसऱ्याच्या संचावरून उचलू नका. जो खिळा कमी पडतो त्याचा शब्द मजकुरातच बदलायचा की द्ध ऐवजी हलन्ताचा द् आणि ध लावायचा, हे स्टिक हातात घेण्याआधी ठरतं.

फर्मा आवळणं दगडावर किंवा सपाट लोखंडी टेबलावर करतात. जुळलेला मजकूर चेसमध्ये (लोखंडी चौकटीत) ठेवून भोवती लाकडी पट्ट्या आणि दोन बाजूंना क्वाइन (आवळायच्या पाचरी). क्वाइन आधी हाताने लागतील तेवढे लावा, लाकडी ठोकळा ठेवून मॅलेटने हलके ठोका म्हणजे सगळे खिळे तळाला टेकतील, मग थोडं आवळा, पुन्हा ठोका, मग पूर्ण आवळा. एका दमात आवळला तर खिळे तिरके होऊन वर उचलले जातात. नंतर चेसची एक कड किल्लीवर टेकवून अर्धा-पाऊण इंच वर करा आणि बोटाने सगळीकडे दाबून बघा. जो खिळा खाली जातो, ती ओळ परत स्टिकमध्ये. पोस्टकार्डाएवढा भरगच्च मजकूरही दोन-अडीच किलोंपर्यंत जातो. तो यंत्रात नेताना सांडला तर तीन सकाळी गेल्या.

आपल्याकडचं हवामान या टप्प्यावर बोलायला लागतं. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांना टेकतो, हवा कोरडी ठण्ण. संध्याकाळी घट्ट आवळलेला फर्मा सकाळपर्यंत सैल होतो, कारण लाकडी पट्ट्या आकसतात. पावसाळ्यात उलटं, पट्ट्या फुगतात आणि दाब वाढून ओळी मधून वाकतात. उपाय सोपा आहे. फर्मा रात्रभर आवळून ठेवू नका, छपाईच्या दिवशीच सकाळी शेवटचं आवळा आणि यंत्रात चढवण्याआधी पुन्हा उचलून तपासा.

उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये छपाई सकाळी सहा ते दहा, त्यापुढे नाही. उष्णतेने शाई पातळ होते आणि अक्षरांच्या पोटात शिरते. जुने सरसाचे रोलर असतील तर ते मऊ पडतात आणि वितळतातही, म्हणून रबरचेच घ्या. काम संपल्यावर रोलर खिळ्यांवर किंवा तबकडीवर टेकलेले सोडू नका, एका जागी चपटे होतात आणि पुढच्या छपाईत दर फेऱ्यात फिकी पट्टी येते. डिसेंबर-जानेवारीच्या थंड सकाळी शाई घट्ट असते आणि कागदाचा पापुद्रा उचलते. डब्यातून काढून काचेवर सुरीने चांगली मळा, मगच तबकडीवर लावा. कागद छपाईच्या आदल्या दिवशी त्याच खोलीत उघडा ठेवा, नाहीतर कडा वळतात आणि तो यंत्रात कागद टेकवायच्या पिनांना नीट टेकत नाही.

ट्रेडलवरची शाई बोराएवढीच घ्या. वाढवता येते, कमी करता येत नाही, धुवावंच लागतं. रोलरची उंची तपासायला शाई लावलेला रोलर एका मोठ्या खिळ्यावरून अलगद न्या. त्यावर उमटणारी पट्टी साधारण ३ मिलिमीटर रुंद हवी. रुंद असेल तर रोलर खाली आहे, शाई खिळ्याच्या खांद्यावर जाते आणि क्ष, ज्ञ, द्ध यांचे डोळे बुजतात. पॅकिंगला, म्हणजे यंत्राच्या पाट्यावर (कागद खिळ्यांवर दाबणाऱ्या भागावर) लावायच्या थराला, वर ताणलेला मनिला कागद, खाली दोन-तीन बाँड कागद आणि एक कडक पुठ्ठा. पहिला छाप फिका येईल अशा बेताने सुरू करा, मग एकेक कागद वाढवा. सगळीकडे सारखं वाढवून एखाद्या कोपऱ्याचा फिकेपणा जात नाही. तो भाग छापावर पेन्सिलीने घेरा, तेवढ्या आकाराचा टिश्यू फाडून पॅकिंगच्या आत त्याच जागी चिकटवा. कापू नका, फाडा, कारण कापलेली कड छापात दिसते.

देवनागरीत सगळ्यात आधी नजरेत भरते ती तुटलेली शिरोरेखा. नवा माणूस शाई वाढवतो, आणि रेघ जुळायच्या ऐवजी अक्षरं बुजतात. फट खिळ्यांच्या अंगावर वाळलेल्या जुन्या शाईने पडते, किंवा शिरोरेषेचे कोपरे झिजल्याने. पहिल्यावर उपाय म्हणजे खिळे बाहेर काढून ब्रशने धुणं, दुसऱ्यावर ते खिळे बदलणं. छाप दुहेरी दिसत असेल तर मनिला सैल आहे किंवा कागद पिनांना न टेकता बसतोय. मागच्या बाजूला डाग उठत असतील तर पन्नासहून जास्त कार्डं एकावर एक रचू नका. तेलाची शाई हवेने वाळते, गठ्ठ्याच्या पोटात हवा जात नाही.

हल्ली पत्रिकेवर बोटाला लागेल असा खोल ठसा मागतात. जुन्या जुळाऱ्याला तो दोष वाटतो, आणि खिळ्यांच्या बाबतीत त्याचंच खरं आहे: शिशाचा खिळा त्या दाबाखाली झिजतो आणि परत ओतून मिळत नाही. खोल ठसा हवा तर पॉलिमर प्लेट (फाइलवरून बनणारा प्लॅस्टिकचा ठसा) करून घ्या, मुंबई-पुण्याहून फाइल पाठवून येते. फाइल शुद्ध काळ्या रंगात, राखाडी छटा नाही, सगळा मजकूर बाह्यरेषांत बदललेला. प्लेट करणाऱ्याकडे तुमचा युनिकोड फाँट नसला तर वेलांट्या उड्या मारतात. आरसा-प्रतिमा तुम्ही करायची की तो करणार, हे आधी विचारा. दोघांनी केली तर प्लेट वाया. प्लेट पातळ असते, खाली आधार लावून ती खिळ्याच्या उंचीला, म्हणजे ०.९१८ इंचाला आणावी लागते.

शिसं. याबद्दल छापखान्यांत फार हलगर्जीपणा होता. खिळा शिसं, अँटिमनी आणि कथलाचा असतो. चकचकीत खिळा हाताळून, हात साबणाने धुतले तर धोका थोडा. ओलीत पडून पांढरी पूड धरलेले खिळे मात्र घेऊच नका, ती पूड श्वासाने आणि हातातोंडाने पोटात जाते. केसमधली धूळ फुंकू नका, घरच्या व्हॅक्यूमने ओढू नका, ओल्या फडक्याने टिपा. त्या टेबलावर चहा नाही, डबा नाही. कामाचा शर्ट वेगळा धुवा, लहान मुलं त्या खोलीत नकोत. घरी शिसं वितळवायचं तर नावच काढू नका. शाईची, तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर वाळताना आपोआप तापतात आणि मेमध्ये पेटूही शकतात. पाणी घातलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ती ठेवा. धुताना आधी थोडं खाद्यतेल लावून शाई सैल करा, मग मिनरल टर्पेंटाईनचा हात फिरवा, दारं-खिडक्या उघड्या ठेवून.

बोटांचं पण तेच. अंगठी, घड्याळ, लांब बाही, गळ्यातली साखळी काढून मगच ट्रेडलवर. मिनिटाला आठ-दहा छापांच्या वर सुरुवातीला जाऊ नका. पाट्यावरून घसरलेला कागद पकडायला हात घालायचा नाही, एक कार्ड वाया जाऊ द्या. दाब तोडायचा दांडा कुठे आहे, हे कागद न लावता पन्नास वेळा ओढून हाताला शिकवा. मोटर बसवायची घाई नको. पायाने चालणारं यंत्र तुमच्या वेगाने थांबतं, आणि लाइट गेली तरी काम अडत नाही.

पहिल्या वर्षी कुणाची ऑर्डर घेऊ नका. ऑर्डर आली की तारीख आली, आणि तारीख नेमकी रिलीजच्या आठवड्यात येते. सरावाला सहा-सात ओळींचा मजकूर पुरे, अहिराणी असला तरी चालतो, वेगळे खिळे लागत नाहीत. पुढे पैसे घेऊन छापायचं ठरलं तर आधी नेमणूकपत्रातलं दुसऱ्या उत्पन्नाबद्दलचं कलम वाचा आणि परवानगी ईमेलवर घ्या, तोंडी नको.

यंत्र विकत घ्यायचा मोह साधारण सहाव्या महिन्यात होतो. जुळाऱ्याला बरोबर नेल्याशिवाय बयाणा देऊ नका. ओतीव सांगाड्यावर वेल्डिंगचे टाके असतील तर सोडा. बिडाचा सांगाडा एकदा तडकला की त्याच जागी पुन्हा जातो. पाटा हाताने हलवून बिजागरीत खेळ किती आहे ते बघा. खेळ असेल तर दाब कधीच सारखा येणार नाही. फोलिओ ट्रेडल अर्ध्या टनाहून जड असतो, तो तळमजल्यावर, जमिनीवरच्या कोब्यावरच. चाक सुटं करून वेगळं न्या, टेम्पोत आडवा पाडू नका. आणि किमान दोन चेस, ग्रिपर (कागद धरणाऱ्या पट्ट्या), रोलरच्या टोकांच्या चकत्या, शाईची तबकडी फिरवणारा खटका, हे सगळं व्यवहार ठरण्याआधी डोळ्यांनी मोजून घ्या. ते बाजारात सुटं मिळत नाही, लेथवर बनवून घ्यावं लागतं.